बोटींच्या इंजिनांचं काम शिकायचंय, पण गाडीच्या मेकॅनिकला कुणी दारात उभं करत नाही

फिरता_पाना
नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी डिझेल मेकॅनिक. आठ वर्षं गाड्या आणि जनरेटर केले. इंजेक्टर, टर्बो, हेडचं काम येतं, वायरिंग बऱ्यापैकी. मागच्या वर्षी एका मित्राच्या होडीचं आउटबोर्ड, म्हणजे मागे टांगलेलं इंजिन, उघडलं, कार्ब्युरेटर साफ केला, दुसऱ्या ओढीला सुरू झालं आणि तेव्हापासून डोक्यात बोटीच आहेत. चौदा ठिकाणी अर्ज पाठवले. उत्तरं आली दोन, दोन्हींत एकच वाक्य: मरीन अनुभव नाही. अहो, कुणी कामच दिलं नाही तर अनुभव येणार कुठून? शेवटी इंजिन ते इंजिन. आपण रस्त्यावर आहोत का पाण्यावर, हे पिस्टनला काय कळतं?

खारा_वारा
पिस्टनला नाही कळत. त्याच्या आजूबाजूला जे काही आहे त्या सगळ्याला कळतं, आणि आम्हाला पैसे त्याचेच मिळतात.

गाडीत रेडिएटर असतो. बोटीत बाहेरचं पाणी आत ओढतात. तळाचा कॉक, मग गाळणी, मग रबरी इंपेलरचा (पात्यांच्या चाकाचा) पंप, मग इंजिनाची उष्णता पाण्याला देणारा हीट एक्स्चेंजर, आणि तिथून ते पाणी एक्झॉस्टमध्ये सोडून धुरासोबत बाहेर. बहुतेक इनबोर्डचा, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाचा, कारभार असाच. माझ्याकडे 'इंजिन तापतंय' म्हणून येणाऱ्या बोटींत निम्म्याहून जास्त वेळा गुन्हेगार इंपेलर असतो. आता गाडीवाला काय करतो? तुटका इंपेलर काढतो, नवा बसवतो, हात पुसतो. बोट तासाभराने पुन्हा तापते. कारण इंपेलरला सहा पाती होती, तुझ्या हातात चार आली. उरलेली दोन कुठे गेली? एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसली. पाती मोजायची सवय असलेला माणूस मला पाहिजे. ती सवय अर्जात दिसते का, तेवढं सांग.

डेकहँड
आधी एक गोंधळ मिटवू या. पाना, तुला जहाजावर जायचंय का धक्क्यावर राहून बोटी दुरुस्त करायच्यात? ही दोन वेगळी आयुष्यं आहेत. व्यापारी जहाजाच्या इंजिन रूममध्ये जायचं तर एसटीसीडब्ल्यू या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला, समुद्रावरच्या सेवेची नोंद, हे सगळं क्रमाने लागतं. यार्डात, डीलरच्या वर्कशॉपमध्ये किंवा भाड्याच्या बोटींच्या ताफ्यावर टेक्निशियन म्हणून लागायला सहसा यातलं काही लागत नाही. लोक दोन्हीकडे एकच अर्ज पाठवतात आणि मग दोन्हीकडून नकार येतो.

फिरता_पाना
धक्क्यावरच. घरी झोपायला यायचंय.

पण बरं झालं विषय काढलात. एका एजंटाने फोन केला होता. म्हणे जहाजावर 'इंजिन हेल्पर' लावतो, आधी फी भर. भरली नाही, पण मोह झाला होता.

डेकहँड
नाही भरलीस ते उत्तम केलंस. एमएलसी २००६ नावाचा सागरी कामगारांचा करार आहे, २०१३ पासून लागू. जहाजावर नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून फी घ्यायची नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. वैद्यकीय दाखला, खलाशी पुस्तिका, पासपोर्ट यांचा खर्च माणसाने स्वतः करायचा, बाकी नाही. एजंट पहिल्या फोनवर पैशाबद्दल बोलला की फोन ठेवायचा.

अल्टरनेटर
पाना, तू अर्जात नेमकं काय लिहिलंस ते इथे चिकटव. नावगाव काढून.

फिरता_पाना
'आठ वर्षांचा अनुभव असलेला मेहनती व प्रामाणिक डिझेल मेकॅनिक. सर्व प्रकारच्या इंजिनांची दुरुस्ती व देखभाल. टीममध्ये काम करण्याची तयारी. नवीन गोष्टी शिकण्याची आवड.' मग शिक्षण, मग कामाची ठिकाणं.

अल्टरनेटर
वाटलंच. राग मानू नकोस, पण हे वाचून मला तुझ्याबद्दल काहीच कळलं नाही. मेहनती, प्रामाणिक हे सगळेच लिहितात. आळशी आहे असं लिहिणारा अजून भेटायचाय.

मी एका यार्डात वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स बघते, नव्या माणसाची पहिली चाचणी माझ्याकडे असते. अर्जात मी एकच शोधते: या माणसाने कधी बिघाडाचा माग काढलाय का? पाच-सहा बिघाड लिही. तक्रार काय होती, आधी काय तपासलंस, काय वाटलं होतं, खरं काय निघालं. चुकलेला अंदाजही लिही, त्यानेच विश्वास बसतो. जनरेटरची कामं तर सगळ्यात वर घे. जनरेटर म्हणजे एका जागी उभं राहून तासन्तास एकाच वेगाने चालणारं डिझेल, बोटीच्या इंजिनाचं सख्खं भावंड. तू ते 'इतर अनुभव' म्हणून तळाला टाकलं असशील.

फिरता_पाना
ताई, तळालाच टाकलंय 😅

ओहोटी
सगळे गोड गोड सांगतायत, मी जरा कडू सांगतो. अकरा वर्षं केलं, सोडलं.

इंजिन असतं माजघराच्या फळीखाली. एक गुडघा बॅटरीवर, दुसरा हवेत, डोकं खाली, पाय वर. जो बोल्ट काढायचा तो दिसत नाही, फक्त बोटांना लागतो. हातातून सॉकेट सुटला की बोटीच्या तळाशी बिल्जमध्ये, आणि बिल्जमध्ये काय काय साचलेलं असतं ते न बोललेलं बरं. हंगामात बोटी पाण्यात उतरवायच्या दिवसांत सकाळी सात ते रात्री नऊ, हंगाम संपला की मालक म्हणतो 'पुढच्या महिन्यात बघू'. पाठ गेली ती गेलीच. सुटं काम करणाऱ्याचं तर आणखी वाईट. बोटमालकाला बोट परवडते, बिल परवडत नाही.

मचवा
@ओहोटी, शेवटचं वाक्य मला लागलं. मी बोटमालक आहे आणि बिलं वेळेवर भरतो 🙂

मालकाच्या बाजूने एक सांगतो. मेकॅनिक महाग पडतो याचं मला दुःख नाही. तो येतो, काहीतरी करतो, जातो, आणि काय केलं ते मला कळत नाही याचं दुःख आहे. एक जण यायचा तो काम झाल्यावर जुना भाग पिशवीत घालून ठेवायचा आणि इंजिनाच्या तासांसकट चार ओळींची चिठ्ठी. मी त्याला सोडून कुणाला बोलावलं नाही, उलट आजूबाजूच्या पाच बोटवाल्यांना त्याचा नंबर दिला. या धंद्यात जाहिरात धक्क्यावर चालत फिरते.

खारा_वारा
ओहोटी बोलतो ते सगळं खरं आहे. फक्त गाडी आणि बोट यांतला मुख्य फरक त्याने सांगितला नाही. गाडीत चुकलास तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. बोटीत पाण्याच्या पातळीखालचा एक होजक्लिप सैल राहिला तर सकाळी डोलकाठी तेवढी वर दिसते. म्हणून आम्ही तिथे जागा असेल तर दोन क्लिप घालतो, आणि बोट उतरवली की लगेच निघून जात नाही, टॉर्च घेऊन प्रत्येक जोडाला बोट लावून बघतो.

दुसरा प्रश्न मी मुलाखतीत हमखास विचारतो. पेट्रोल इनबोर्डचा स्टार्टर गेला. गाडीचा स्टार्टर दिसायला तोच, बोल्ट तेच, स्वस्तही. बसवशील का? 'बसवेन' म्हटलं की चहा पाजून परत पाठवतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये खाली साचून राहते. गाडीत ती वाऱ्याने उडून जाते. बोटीचा स्टार्टर आणि अल्टरनेटर आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटणार नाही अशा बांधणीचे असतात, गाडीचे नसतात. म्हणूनच पेट्रोल इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (आतली हवा बाहेर फेकणारा पंखा) चालवायचा आणि तरीही नाकाने वास घ्यायचा.

फिरता_पाना
खरं सांगू? मी 'बसवेन' म्हटलं असतं.

अल्टरनेटर
म्हणून तर आत्ताच वाच आणि मग जा.

माझ्या चाचणीबद्दल सांगते, पेपर फोडल्यासारखं होईल पण असू दे. एक दिवा, लांब वायर, बॅटरी. दिवा मंद लागतो. येणारा प्रत्येक जण मल्टिमीटर काढतो, दिवा काढून वायरच्या टोकाला मोजतो: १२.५ व्होल्ट. 'वायर ठीक आहे ताई, दिवा बदला.' नवा दिवाही मंदच. दिवा जोडलेला आणि चालू असताना तिथेच मोजलं तर मीटर ९ दाखवतो. प्रवाह वाहत नसताना सडकी वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते, कारण मीटर नावापुरताच प्रवाह ओढतो. मग वायरचं टोक सोलून दाखवते. वरचं आवरण नव्यासारखं, आतलं तांबं काळं. खारट ओल आतल्या आत वीतभर चढलेली. बोटीत कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर वापरतात ती याचसाठी.

आत्तापर्यंत जे पास झाले त्यांतले बरेच गाडीवालेच होते. त्यांनी घाई केली नाही एवढंच.

आणखी एक फुकटचा सल्ला: बोटींवर हल्ली एनएमईए २००० चं जाळं असतं, इंजिन, पाण्याची खोली, नकाशा सगळं एका केबलवर. दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे शेवटचे रोध. वीज बंद करून दोन डेटा तारांमध्ये मोजलं तर ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टर्मिनेटर गायब किंवा तार तुटलेली. साध्या मीटरने एका मिनिटात कळतं, आणि तरीही लोक महागडे डिस्प्ले बदलत बसतात. इंजिनवाले पुष्कळ भेटतात, इंजिन आणि वायर दोन्हींना हात घालणारे बोटांवर मोजण्याइतके.

फिरता_पाना
प्रमाणपत्राचं काय करू? कंपन्यांचे कोर्स शोधले तर बहुतेक ठिकाणी 'डीलरमार्फतच' लिहिलंय.

खारा_वारा
हो. यामाहा, मर्क्युरी, व्होल्वो पेंटा वगैरेंचं प्रशिक्षण मुख्यत्वे त्यांच्या डीलरकडच्या माणसांसाठी असतं. निदानाचं सॉफ्टवेअरही सहसा डीलरकडेच. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं डीलरकडे काढणं मला शहाणपणाचं वाटतं, पगार थोडा कमी असला तरी. कोर्स त्यांच्या खर्चाने होतात.

पण एकाच कंपनीच्या टोपीत डोकं घालून बसू नकोस. एव्हिनरूड आठव. १९०९ मध्ये ओले एव्हिनरूडने आउटबोर्डचा धंदा उभा केला, शंभर वर्षांहून जास्त नाव चाललं, आणि २०२० मध्ये मालक कंपनी बीआरपीने उत्पादनच बंद केलं. ज्यांची सगळी प्रमाणपत्रं त्या एकाच नावाची होती त्यांची तोंडं मी पाहिलीत.

अल्टरनेटर
कंपनीशी न बांधलेलं हवं असेल तर एबीवायसी आहे, अमेरिकेतली १९५४ पासूनची संस्था. बोटींचे मानक तयार करते, वीज, इंजिन वगैरे विषयांची प्रमाणपत्रं परीक्षा घेऊन देते. तिचे मानक तिच्या देशाबाहेरही संदर्भाला घेतात. परीक्षा दे किंवा नको देऊस, पण ते मानक कशामुळे आलेत ते वाच. उदाहरणार्थ, वायरचा जोड नुसत्या सोल्डरवर सोडायचा नाही. बोट सतत थरथरते, सोल्डर जिथे संपतो तिथे तार कडक होते आणि तिथेच तुटते. आधी क्रिम्प, म्हणजे धातूची नळी दाबून केलेला जोड.

ओहोटी
प्रमाणपत्राने दार उघडत नाही, दाराशी उभं राहिल्याने उघडतं. ईमेल पाठवून काय होणार? यार्डाचा फोरमन दिवसभर बोटीखाली असतो, ईमेल बघतो कोण? प्रत्यक्ष जा. सकाळी कामं वाटायच्या आधी. आणि हंगामाच्या ऐन तोंडावर नको, तेव्हा त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. दोन महिने आधी, किंवा बोटी बाहेर काढायला सुरुवात होते तेव्हा. त्या वेळी शे-सव्वाशे इंजिनं एकदम थंडावणीला घ्यायची असतात, गोठणाऱ्या ठिकाणी पाणी काढून अँटिफ्रीझ भरायचं असतं, आणि माणसं कमी पडतात. 'मेकॅनिक म्हणून घ्या' म्हणू नकोस. 'तेल, फिल्टर, इंपेलर, झिंक, जे द्याल ते' म्हण. झिंक म्हणजे बोटीचा धातू गंजू नये म्हणून त्याच्याआधी स्वतः झिजणारा तुकडा.

(सोडलं म्हणतो आणि तरी सांगत बसलोय, जित्याची खोड.)

मचवा
+१. आणि कामाचे कपडे घालून जा. एक जण कडक इस्त्रीत आला होता, फोरमनने त्याला बसायला खुर्ची दिली, काम नाही दिलं.

फिरता_पाना
*तीन आठवड्यांनी.*

मंडळी, खबर आहे. अर्ज नवा लिहिला, सहा बिघाड, त्यातले दोन माझे फसलेले. तीन यार्डांत सकाळी जाऊन उभा राहिलो. तिसऱ्याने म्हटलं, उद्या ये, एक दिवस काम करून दाखव.

शिडाची बोट, तीन सिलिंडरचं डिझेल, पाण्यातच उभी. तक्रार: सुरू होत नाही, झालंच तर दोन मिनिटांत बंद. मनात म्हटलं, अरे हे तर आपलंच. चावी फिरवली. घुर्र घुर्र, नाही. पुन्हा. पुन्हा. सातव्या-आठव्या वेळी फोरमन फळीवरून ओरडत आला, हात घालून आधी तळाचा कॉक बंद केला आणि मला विचारलं, 'एवढा वेळ पाणी कुठे चाललंय?'

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

मग त्याने समजावलं. स्टार्टरने इंजिन फिरतं तेव्हा पाण्याचा पंपही फिरतो. पाणी एक्झॉस्टच्या डब्यात जमतं. इंजिन पेटलं तर धूर ते बाहेर ढकलतो. पेटलंच नाही तर डबा भरत जातो, आणि भरला की पाणी उलटं मॅनिफोल्डमधून सिलिंडरमध्ये. पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. डब्याखालचा प्लग काढला तर बादली अर्धी भरली. थोडक्यात वाचलो. आठ वर्षांत मला स्टार्टर मारायची भीती कधी वाटली नव्हती.

म्हटलं झालं, आता घरी. तो म्हणाला, 'कॉक बंद ठेव आणि शोध. पेटलं की लगेच उघड.'

मग जरा डोकं शांत केलं. लॉगबुकात बघितलं, आठवड्यापूर्वी डिझेल फिल्टर बदललेला. डिझेलच्या नळीतली हवा काढली, इंजिन पेटलं, कॉक उघडला. दोन मिनिटांनी बंद. परत हवा. कुठेही डिझेलचा थेंब नाही, सगळं कोरडं. टाकी इंजिनापेक्षा खाली, म्हणजे फिल्टरपर्यंतची नळी ओढणाऱ्या बाजूची. तिथे गळती असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फिल्टर उतरवला. नवी रबरी रिंग जागेवर होती. बोटाने वरची खोबण चाचपली तर जुनी रिंगही तिथेच, चपटी होऊन चिकटलेली. दोन रिंगा एकावर एक. जुनी खरवडून काढली, हवा काढली, पेटवलं, कॉक उघडला, मागे जाऊन बघितलं तर एक्झॉस्टमधून पाणी धबाधबा. अर्धा तास चालवलं.

फोरमनने दोन्ही रिंगा खिशात टाकल्या आणि एवढंच म्हणाला, 'मालकाला दाखवायला.' सोमवारपासून या हंगामापुरता बोलावलंय. हेल्पर म्हणून, तासावर. मेकॅनिक नाही.

मचवा
अभिनंदन! आणि रिंगा मालकाला दाखवणारा फोरमन म्हणजे चांगली जागा मिळाली.

ओहोटी
अभिनंदन. गुडघ्यांचे पॅड घे. आजच.

अल्टरनेटर
भले शाब्बास. बादलीचा किस्सा पुढच्या अर्जात सातवा बिघाड म्हणून घाल, लपवू नकोस.

डेकहँड
तासावर आहेस तर रोजचे तास आणि केलेलं काम स्वतःच्या वहीत लिहीत जा. हंगाम संपल्यावर पगाराचं बोलताना तीच वही पुढे ठेव.

फिरता_पाना
सगळ्यांचे आभार. सोमवारचं काम कळलं: बाहेर काढलेल्या बारा बोटींची झिंकं बदलायची. यात फसण्यासारखं काही आहे का?

खारा_वारा
आहे. बोट कुठल्या पाण्यात असते ते आधी विचार. खाऱ्यात झिंक किंवा अॅल्युमिनियम, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. निम्मं खाल्लं गेलं की बदलायचं, पण एखाद्या बोटीचं झिंक वर्षभरात जराही झिजलेलं नसलं तर खूश होऊ नकोस, फोरमनला दाखव. ते धातूला टेकलेलंच नाही, किंवा कुणीतरी त्यावर रंग मारलाय.

बसवण्याआधी शाफ्ट चकचकीत होईपर्यंत घास. आणि खालचा रंग मारणारा पोरगा ब्रश घेऊन येताना दिसला की बाराच्या बारा बोटींच्या झिंकांना कागदी टेप लावून घे. नंतर काढायला विसरू नकोस.